एक्क्याण्णवावी ओळ

मास्तर: ...दोन आणि एकोणसाठ. दोनच अवयव, म्हणून निळी. विणलीस?

ऑपरेटर: एकशे अठरावी निळी, झाली. पुढची सांगा. आणि जरा दमानं, नातवंड यायला अजून दोन महिने आहेत.

मास्तर: दमानं काय? असं ब्लँकेट जगातल्या एकाही बाळाकडे नसेल. ओळीच्या आकड्याचे मूळ अवयव पाडायचे. एकच निघाला तर पांढरी, दोन निघाले तर निळी, तीन निघाले तर पिवळी...

ऑपरेटर: पाठ झालंय मला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं आकडेच ऐकले, आणि घरी आलं की तुम्ही!

मास्तर: म्हणून तर संसार टिकला आपला. हं, एकशे एकोणीस. दोनानं जात नाही, तिनानं नाही, पाचानं नाही. दिसते मूळ संख्या, पण आहे बिलंदर! सतरा साते एकशे एकोणीस. निळी.

ऑपरेटर: बघा! आणि डॉक्टर म्हणे, विसरायला लागलेत.

मास्तर: सतरा साते एकशे एकोणीस... तेरा साते... थांब. एक्क्याण्णवावी ओळ दाखव.

ऑपरेटर: आता कशाला? सुईवरचे टाके सुटतील.

मास्तर: दाखव म्हणतो ना.

ऑपरेटर: पांढरी आहे.

मास्तर: मी पांढरी सांगितली?

ऑपरेटर: सांगितलीत. चांगली छाती फुगवून सांगितलीत.

मास्तर: अगं, तेरा साते एक्क्याण्णव! चौतीस वर्षं हा पाढा घोकून घेतला मी पोरांकडून. तुला कळलं नाही?

ऑपरेटर: तेव्हाच कळलं.

मास्तर: आणि गप्प बसलीस?

ऑपरेटर: डॉक्टरांकडून आल्यावर तुम्हीच म्हणालात ना, एक जरी आकडा चुकला तर सकाळची शिकवणी बंद. त्या तीन मुली येतात म्हणून तुम्ही सहाला उठता, दाढी करता, शर्टाला इस्त्री मागता. त्या यायच्या थांबल्या तर तुम्ही या खुर्चीतून उठायचे नाहीत. भीती वाटली हो मला.

मास्तर: म्हणून बाळाच्या अंगावर चुकीची ओळ घालायची?

ऑपरेटर: बाळ काय मोजायला बसणार आहे?

मास्तर: मी बसणार आहे.

(मास्तर ब्लँकेट ओढून एक्क्याण्णवाव्या ओळीवर बोट ठेवतात.)

मास्तर: उसव.

ऑपरेटर: अठ्ठावीस ओळी?

मास्तर: अठ्ठावीस. लोकर मी गुंडाळतो. आणि मुलींना उद्या सांगून टाकतो, दुसरे मास्तर बघा म्हणून.

ऑपरेटर: का? आत्ता चूक शोधली कोणी? मी तर तोंडाला कुलूप लावून बसले होते.

मास्तर: आज सापडली. उद्या नाही सापडली तर? मुली चुकीचं शिकून जातील, आणि मला पत्ताही नसेल.

ऑपरेटर: मी आहे ना.

मास्तर: तू? तू तर गप्प बसतेस!

ऑपरेटर: चुकलंच माझं. पण शिकवणी बंद करू नका. मी पाया पडते तुमच्या.

मास्तर: पाया कसली पडतेस, वेडे. उद्यापासून सुया-लोकर घेऊन तिथंच बस, खिडकीपाशी. मी चुकलो की तिथल्या तिथे सांगायचं.

ऑपरेटर: मुलींसमोर?

मास्तर: मुलींसमोर.

ऑपरेटर: रागवाल.

मास्तर: रागवेन. तरी सांग.