दोनाखालचा एक

मंडळी,

बोलण्याआधी एक तक्रार नोंदवू द्या. या हॉलच्या किचनमधल्या सिंकला दोन नळ आहेत. डावा नळ उकळतं पाणी देतो, उजवा बर्फाचं. कोमट नावाची गोष्ट या इमारतीत अस्तित्वात नाही. ज्या देशाने अर्ध्या जगाचे नकाशे आखले, त्याला दोन पाइप एका तोटीत आणता आले नाहीत. मी कौन्सिलला दोनदा ईमेल केलं. उत्तर आलं की माझा अभिप्राय त्यांच्यासाठी मोलाचा आहे. हात अजून भाजतोच.

शोकसभेत नळांचा विषय कशाला काढला, असं तुमच्या तोंडावर दिसतंय मला. माझे तिरकस लेख मंडळाच्या अंकात वाचून तुमच्यातले निम्मे आधीच वैतागलेले आहेत. पण आज मी विनोद करत नाहीये. आज मला पुढचं बोलायचं नाहीये, म्हणून नळापाशी रेंगाळतोय. फ्लोराकाकूंना ते माहीत आहे.

एझ्राकाका थळकर जाऊन महिना झाला. हा त्यांचा फोटो. हार नाही. "आमच्यात घालत नाहीत रे," असं काकूंनी सांगितलं, आणि आपल्या सेक्रेटरींनी आणलेला हार मुकाट्याने पिशवीत परत गेला. काका असते तर म्हणाले असते, "ईलिंगमध्ये झेंडू एवढा महाग, फुलवाला परत घेतो का विचार त्याला."

बेने इस्रायली माणूस. तरुणपणी मुंबईहून आला, बसच्या डेपोत जन्मभर नोकरी केली. मुलं इंग्रजीत वाढली. काकांचं मराठी उरलं काकूंशी, आपल्याशी आणि नाण्यांशी. हो, नाण्यांशीही ते मराठीतच बोलायचे. भिंगाखाली घेऊन म्हणायचे, "बोल बाई, काय लपवतेस?"

बाई म्हणजे ब्रिटानिया. ज्यांनी आमच्या नाण्यांच्या क्लबचा रविवारचा अड्डा पाहिला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. चांदीचा जुना ट्रेड डॉलर. एका बाजूला त्रिशूळ घेऊन उभी असलेली ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलायी अक्षरं. पाडला मुंबईच्या टांकसाळीत, व्यापाराला गेला चीनकडे. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर एवढासा इंग्रजी बी असतो, मुंबईचा. "मुंबईत जन्मला आणि मुंबईत एक दिवस चालला नाही," काका म्हणायचे. "मग कुठे आला? इथे, पावसात, एका घडीच्या टेबलावर. मला काय बघतोस? नाणं बघ."

आणि नाण्यात बघायचं काय? ठसा, म्हणजे नाणं ज्याने पाडतात तो साचा. टांकसाळवाले काटकसरी. गेल्या वर्षीचा ठसा चांगला असला तर त्यावरच नव्या सालाचा आकडा ठोकायचे. जुना आकडा खाली थोडासा उरायचा. त्या एका ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तो तसाच, त्याच जागी. ते शोधायचं. विकणाऱ्याला माहीत नसतं, विकत घेणाऱ्याला माहीत नसतं. तुम्हाला दिसलं तर दिसलं.

पण त्यात एक फसवणूक असते. नाणं पाडताना ठसा जरासा हलला, तर आकड्याशेजारी सावलीसारखी एक पायरी उमटते. ती फक्त त्या नाण्यापुरती. तिला काडीची किंमत नाही. काकांनी मला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं, "खुणेचा उठाव गोल असेल तर ठशातलं. चपटं असेल तर हललेलं. एवढं कळलं की पुरे, बाकी चहा पी."

आणि एक नियम. नाण्यावर जे आहे ते सांगायचं. जे असावंसं वाटतं ते नाही. जो चुकीचं सांगेल तो सगळ्यांचे कप धुणार. याच सिंकमध्ये. आपली विद्या इथे बसली आहे, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात कन्सल्टंट. तिने एकदा त्रिशुळावरच्या ओरखड्याला बी म्हटलं. काका म्हणाले, "डॉक्टरीणबाई, पेशंटचा एक्स-रे पण अस्साच बघता काय?" पंधरा कप धुतले तिने. काका स्वतः एकदा चुकले. कोणी बोलायच्या आत बाह्या वर सरकवून सिंकपाशी. बाहेर आले तेव्हा हात लालभडक.

मी कधीच धुतले नाहीत. मला त्याचा माज होता. बारा वर्षांत एकदाही नाही. हे लक्षात ठेवा.

काकांना एक नाणं हवं होतं. एकच. सालाच्या शेवटी दोन असलेला डॉलर, ज्याच्या दोनाखाली एक आहे. दोनाच्या मानेमागे जुन्या एकाचा दांडा. आमच्या एकाही यादीत तो नव्हता. काका म्हणायचे, मी पाहिलाय. कधी? नोकरीला लागले त्या वर्षी, एका स्टॉलवर. हातात धरला, गोल होता, शपथेवर गोल. शिफ्टची वेळ झाली म्हणून ट्रेमध्ये ठेवला. परत आले तर स्टॉलच नव्हता. पुढची सगळी वर्षं काका तो ट्रे शोधत होते. मागे बसलेले जेफ्री, क्लबची यादी करणारे, नम्रपणे मान हलवायचे. त्यांना वाटायचं, काकांना भास झाला असेल. आत्ताही ते मान हलवताहेत, कारण मराठीतलं त्यांना एवढंच कळतं की 'थळकर' म्हटलं.

आणि काकूंनी नवस बोलला होता. हे नाणं मिळालं तर मलिदा करीन. त्यांच्यात नवस फेडायचा तो पोह्यांचा मलिदा करून, नारळ, साखर, फळं घालून, प्रेषित एलियाहू हन्नाबींचं नाव घेऊन. काका चिडवायचे, "पोहे जुने झाले असतील हिचे, वाट बघून."

मग काकांचे डोळे गेले. एकदम नाही. मधलं गेलं, कडेचं राहिलं. ज्या माणसाचं सगळं आयुष्य मधल्या टोकावरचा बी बघण्यात गेलं, त्याला फक्त कडा दिसायला लागल्या. तरी ते नाण्यांच्या मेळाव्यांना यायचे. नाणं तिरकं धरायचे, मान वाकडी करायचे, अंगठा फिरवायचे.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी मला घरी बोलावलं. जेवणाच्या टेबलावर कागदी पाकीट, आत एक डॉलर. "काल घेतला," म्हणाले. "मला अंगठ्याला काहीतरी लागतंय. दोनाच्या मागे. बघ."

मी भिंग लावलं. मंडळी, एका क्षणात कळलं. चपटं. धडधडीत चपटं. शाळेतल्या पोराला कळलं असतं.

"बघितलंस?"

"बघतोय."

"किती बघतोस? गोल आहे का?"

किचनमध्ये काकूंनी नळ बंद केला. त्या ऐकत होत्या. काकांचा चेहरा माझ्याकडे होता, पण नजर माझ्या कानाकडे, कारण तिथूनच त्यांना मी दिसत होतो. आणि जो माणूस तुमच्यातल्या एकाचंही नाटक, कविता, मोदक चांगले आहेत असं खोटं कधी बोलला नाही, तो मी म्हणालो, "गोल आहे, काका."

काकांनी अंगठा पुन्हा नाण्यावर फिरवला. मग म्हणाले, "नक्की?"

मी म्हणालो, "नक्की."

पुढच्या आठवड्यात मलिदा झाला. तुमच्यापैकी बरेच जण आला होतात. छान झाला होता. मीही खाल्ला. दोनदा घेतला.

तुम्ही म्हणाल, अरे, म्हाताऱ्या माणसाला आनंद दिलास, त्यात काय एवढं? मीही स्वतःला हेच सांगत होतो. पण पुढे काय झालं ते ऐका. काकांनी मेळाव्यांना जाणं बंद केलं. कशाला जायचं? मिळालं की! नाणी तिरकी धरणं बंद. अंगठा फिरवणं बंद. माझ्या हातातलं हे भिंग त्यांनी मला दिलं, "आता तूच ठेव." त्यानंतर चार महिने ते खुर्चीत बसून होते. समाधानी होते असं सगळे म्हणतात. असतीलही. पण खरा दोनाखालचा एक कुठल्यातरी ट्रेमध्ये पडलेला असेल, आणि त्याला शोधणारा जगातला एकुलता एक माणूस मी खुर्चीत बसवला. एका शब्दात. आजारपणाने त्यांचे डोळे नेले. शोध मी नेला.

आणि अजून एक. काकांनी ते नाणं क्लबला ठेवलंय. आमची पद्धत अशी की पाकिटावर दोन नावं लिहायची. शोधणारा आणि पडताळणारा. काकांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलंय: शोधलं, एझ्रा. पडताळलं, अभय. म्हणजे मी. जेफ्री ते नाणं यादीत घालणार आहेत, थळकर डॉलर म्हणून. मग कोणीतरी भिंग लावेल. आणि हसेल. कोणाला? पडताळणाऱ्याचं नाव कोण वाचतं? हसतील काकांना. जन्मभर गोल आणि चपटं यातला फरक शिकवणाऱ्या माणसाला.

म्हणून आज, इथे, सगळ्यांसमोर. एझ्रा थळकर चुकले नाहीत. त्यांनी दावा केला नव्हता, त्यांनी विचारलं होतं. उत्तर माझं होतं. ते खोटं होतं.

काल काकूंकडे जाऊन हे सांगितलं. काकू लसूण सोलत होत्या. सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना कळलं होतं काय?"

"माहीत नाही, काकू."

"मला पण नाही." मग पुढची पाकळी उचलून, "नवस मी फेडला, त्याचं आता काय करू? परत बोलू?"

त्यांनी मला माफ केलं असं मी सांगणार नाही, कारण त्या तसं म्हणाल्या नाहीत. मी निघालो तेव्हा दारात एवढंच म्हणाल्या, "उद्या किती माणसं येणार?"

मी म्हणालो, "चाळीसेक."

"मग कप पण चाळीस."

हे भिंग मी फोटोपाशी ठेवतोय. ज्याला कोणाला ट्रे धुंडाळायचे असतील त्याने उचलावं. पाकिटावर माझं नाव खोडलंय आणि खाली लिहिलंय: हललेला ठसा. जेफ्रींना इंग्रजीत सांगायचं राहिलंय. ते नेहमी कप पुसायला आत येतात, तेव्हा सांगेन.

आता उभे राहू या. काकांसाठी थोडा वेळ गप्प. मोबाइल बंद करा, आणि प्रार्थना येत नसेल त्यांनी नुसतं एखाद्या गोष्टीकडे नीट बघा. काकांना तेवढं चालेल.

नंतर चहा आहे. कप कोणी विसळू नका. काकू, तुमचाही तिथेच राहू दे. दोन्ही नळ मला माहीत आहेत.