एकच खिळा

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या आणि गल्ल्यावर म्हातारे दुकानदार.

"काका, एक खिळा द्या."

"एकच? अहो, खिळे मी वजनावर विकतो."

"मला एकच ठोकायचाय. सासऱ्यांचा फोटो चौदा वर्षं कपाटावर टेकवून ठेवलाय."

"का बरं?"

"नऊ घरमालक झाले. एकानेही भिंतीला हात लावू दिला नाही."

"आणि आता?"

"आता सरकारी घर मिळालं, नव्या कायद्यातलं. भाडं पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या वर जात नाही आणि मनात आलं म्हणून कुणी बाहेर काढू शकत नाही. ज्यांनी कुणी तो कायदा केला, त्यांचं भलं होवो."

"मग अजून फोटो लावला कसा नाही?"

"सासूबाई तीन दिवस भिंतच निवडत होत्या. आज सकाळी ठरली एकदाची."

"हे घ्या, मूठभर न्या. पहिला वाकतोच. पैसे राहू द्या. हातोडी आहे ना घरी?"

"नाही हो. कधी लागलीच नाही."

"मग ही माझी न्या."

"फार उपकार झाले, काका. संध्याकाळपर्यंत आणून देते."

"द्या सवडीने. आता तुम्ही थोड्याच कुठे जाणार?"