जामखेडच्या गोलीची पकड

हसू नका, पण त्या साली आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम तोवरची एकूण एक मॅच हरली होती. शेवटची मॅच नगरलाच होती. प्रिन्सिपॉल म्हणाले, "हीपण हरलात तर टीम बंद!" नेमका त्याच दिवशी आमचा गोली तापानं फणफणला. मग जामखेडच्या बबनला गोलात उभा केला. हुतूतूतला नावाजलेला गडी, पण फुटबॉल त्यानं लांबूनच पाहिलेला.

शेवटच्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य! आणि त्यांचा फॉरवर्ड एकटाच बॉल घेऊन सुटला. आम्ही बोंबललो, "बबन, धर! धर!"

बबननं बॉल सोडला आणि फॉरवर्डचा घोटा धरला! दोघंही आडवे. रेफरीनं पेनल्टी दिली, तर बबन पाय न सोडता म्हणतो, "सर, दम कवाच तुटलाय त्याचा. बाद द्या की!"

पेनल्टीलाही बबन मांडी थोपटत, "ये, ये!" करत उभा. फॉरवर्डला इतकं हसू फुटलं, की बॉल थेट कुंपणापार.

मॅच बरोबरीत सुटली, टीम वाचली! आम्ही बबनला खांद्यावर घेऊन नाचतोय, तर हा वरून खेकसला, "बरोबरी कशी? मी एक गडी मारला न्हाई व्हय?"