लुगड्याचं तोरण आणि डब्यातले बोंबील

...कापलं हो, कात्रीनं कापलं! तुम्हाला सांगते, माझ्या आईचं लुगडं, नेसून नेसून लोण्यासारखं मऊ झालेलं, गुहागरहून मस्कतपर्यंत पोटाशी धरून आणलं मी. कशाला? तर माझी नात सोनल पोटुशी आहे, तिच्या बाळाला गोधडी शिवायची! आणि सूनबाईंनी, म्हणजे सोनलच्या सख्ख्या आईनं, त्याच्या केल्या त्रिकोणी चिंध्या!

"आई, चिंध्या काय म्हणता? बंटिंग आहे ते, तोरण! ख्रिसमसचं इको-फ्रेंडली डेकोरेशन. प्लास्टिक नको, विकतचं नको, घरातलं जुनंच वापरायचं. निसर्गासाठी!"

घरातलं जुनं म्हणे! घरात सगळ्यात जुनी मी, मलाच टांगायचं होतं की!

आमच्या मस्कतमधल्या बौशर भागातल्या बिल्डिंगीत सजावटीची स्पर्धा. खाली लॉबीत सूनबाईंनी खजुराच्या झावळ्यांचं झाड उभं केलं, त्यावर संत्र्याच्या सुक्या चकत्या, दालचिनीच्या काड्या, आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत माझ्या आईचं लुगडं! शेजारची दिलशाद म्हणते, "वा, क्या विंटेज कपडा है!" विंटेज? अगो, त्या पदरानं आईनं माझं नाक पुसलंय! लेकाकडे गेले, तर धनंजय मोबाईलमधून मान वर न काढता म्हणतो, "खलास आई, विषय संपला, मॉलमधून सॉफ्ट ब्लँकेट आणू."

ब्लँकेट! म्हटलं, थांबा. निसर्गासाठी ना? मग होऊनच जाऊ दे!

माझा सुक्या बोंबलांचा डबा होता, वास येतो म्हणून सूनबाईंनी बाल्कनीत हद्दपार केलेला. दुपारी सगळे लवंडल्यावर गेले खाली नि लावले झाडाला, आम्ही गावी दोरीवर लावतो तसे, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं! काय चंदेरी दिसत होते हो! प्लास्टिक नाही, विकतचं नाही, घरातलं जुनं. नियमात काय चुकलं, सांगा!

संध्याकाळी परीक्षक मॅडम आल्या, वाकल्या, हुंगलं... आणि रुमाल नाकाला! बंद काचा, वर एसी, मध्ये बोंबील! कुणीतरी घाईनं दार उघडलं, तर बाहेरची मांजरं, यल्ला, म्हणजे चला चला म्हणत, सगळी आत! झाड आडवं, दालचिनी इकडे, संत्री तिकडे, सूनबाई लालेलाल. "आई! हे तुम्ही केलंत?"

"निसर्गासाठी गो, निसर्गासाठी! मांजरं काय प्लास्टिकची आहेत?"

असं गार वाटलं काळजाला! चिंध्या वेचून वर आणल्या. गोधडीला नाहीतरी तुकडेच लागतात, म्हटलं जोडू. पहिला टाका घालायला तुकडा जवळ घेतला, आणि... अगो बाय माझे! धुतला, लिंबू चोळलं, उन्हात टाकला, इथल्या लोबानाची धुरी दिली. आता वास लोबानाचाही येतो आणि बोंबलाचाही!

काल सोनलचा फोन, "आजी, गोधडी झाली का गं?"

झाली गो बाय. काय सांगू तिला? बाळाला गाव दाखवायला आता विमान नको, पांघरलं की थेट मासळीबाजार.