गाडग्यातले दोन वांगे

लिहा बाई, मी सारजा, दर्यापूरच्या अलीकडं दोन कोसावर माहं माहेर, आन् इथं या नदीकाठच्या गावात दिली मले. आमी जातीनं माळी, भाजीची वाडी होती, वांगे, मिरच्या, सांबार-कोथमिर, घरी मानूस आलं का रिकाम्या हातानं परत जाये नाही, एवढं आमच्या घराचं नाव. आता येत्या ऐतवारी चावडीसमोर आमच्या येसूच्या बायांच्या मंडळाचा सत्कार होऊन राहिला, आन् तुमी मिशनच्या शाळेतल्या बाई म्हनता का सारजाबाई, मंडळाबद्दल दोन शब्द बोला. म्या म्हनलं मले बोलता येत नाही. खोटं सांगतलं तुमाले. तोंड काही कमी नाही माहं, पन समोर मार्थाबाई बसली असन, तिच्या देखत कसं बोलू.

मार्थाबाईनंच उभं केलं हे मंडळ. ती आन् तिच्यासंगच्या पाच बाया, नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या, गावानं कधी शिवून घेतलं नाही त्याईले, येसूच्या झाल्या तरी नाहीच. त्याईची एक रीत, भाकरीचं पीठ भिजवाच्या आधी एक मूठ दुसऱ्या गाडग्यात टाकाची, येसूची मूठ म्हनत तिले. घरात पोरं अर्धपोटी असले तरी मूठ बाजूले निघे. ऐतवारी सगयीचं पीठ एका जागी करत, अन् ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याच्या घरी नेऊन देत. गाव हासे. मीबी हासली, कावून खोटं बोलू.

मंग मानमोडीची साथ आली. अवं बाई, काय सांगू तुमाले, ताप येये, अंग मोडून निघे, अन् तिसऱ्या-चौथ्या दिवशी मानूस खलास. अख्खं गाव अंथरुनावर, मोट ओढाले मानूस नाही, पानी भराले बाई नाही. माहे घरधनी गेले चौथ्या दिवशी, त्याईले उचलाले चौघं मियता मियेनात. राहिलो आमी तिघी, मी, सासू, अन् माही गोदी, चार वर्साची. गोदीचा ताप उतरला होता बाई, हे लिहा, ताप उतरला होता तिचा. भूक लागली होती लेकराले.

तवा ह्या बाया येसूच्या मुठीच्या पिठाची पेज शिजवून घरोघरी फिरून राहिल्या होत्या. मार्थाबाई आमच्या ओट्यावर गाडगं ठेवे अन् दूर जाऊन हाक मारे, सारजे, पेज ठेवली वं, घे. आत नाही येये, आमचं बाटू नये म्हनून. सासू आतून कन्हत म्हने, खबरदार, त्याईचं पोटात गेलं त जातीतून जाऊ, उद्या पोरीले कोन पदरात घेईन. मी तापात, भीत भीत सरपटत गेली, कापसाच्या पऱ्हाटीच्या काडीनं ढोसून ते गाडगं कलंडवलं, पेज सारी मातीत. गोदी दारात बसून पाहून राहिली होती. म्हने माय, पेज. म्या म्हनलं उद्या देईन.

अन् पुढं आयका. गाडगं काडीनंच उभं केलं अन् वरून त्यात दोन वांगे सोडले. वाडीतले वांगे होते घरात, पन चूल पेटवून रांधाले कोनाच्या अंगात जीव नव्हता. कावून? तं रिकामं भांडं परत देऊ नये, अशी आमची रीत. नवरा गेला, लेकरू उपाशी, अन् मले रीत सुचली. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं.

मार्थाबाईनं वांगे पाहिले अन् तिले वाटलं, सारजाचं घर सावरलं, पेज पोटात जाऊन राहिली, हात-पाय हालून राहिले. म्हनून तिसऱ्या दिवशी त्या बाया आधी दुसऱ्या घराईले गेल्या, जिथं जास्त नड होती. आमच्याकडं आल्या त दिवस कलला होता. गोदी दुपारीच गेली. माह्या मांडीवर गेली, पेज म्हनत म्हनत.

तवा मार्थाबाई उंबरठा वलांडून आत आली. तिनंच गोदीले न्हाऊ घातलं, त्या बायाईनंच खड्डा खांदला, अन् मले तोंडाशी गाडगं लावून पेज पाजली, अन् मी प्याली. गटागटा प्याली बाई. सासूबी प्याली. काही आभाय कोसयलं नाही.

पुढं सासू म्हातारी होऊन गेली, मी येसूची झाली, मंडळात आली. पाद्रीसाहेब म्हनले पापं कबूल कर, सगये सांगतले, हे नाही सांगतलं. इतके वर्स झाले, रोज पीठ भिजवाच्या आधी मूठ काढतो. मार्थाबाई अजून माह्या पाठीवरून हात फिरवते, म्हनते सारजे, रडू नको, तुही पोर उपाशी नाही गेली, तिच्या पोटात आमची पेज होती. अन् प्रत्येक सभेत सांगते, साथीत नवरा गेला तरी सारजानं गाडग्यात वांगे धाडले, असं मन पायजे. आता ऐतवारी साऱ्या गावासमोर ती हेच सांगन. ते पीठ तिच्या पोराईच्या तोंडचं होतं बाई. म्या मातीत घातलं.

आता तिले दिसत नाही, दम लागते, हे वर्स काढन का नाही कोन जाने. बोलली त तिचं मन मोडते, नाही बोलली त मी गोदीकडं कोनतं तोंड घेऊन जाऊ? म्हनून तुमाले लिहाले लावलं. सत्कारात वाचू नका हे. आताच चला, नाल्यापलीकडं तिच्या घरी, तिले एकटीले वाचून दाखवा. मी आत येनार नाही. तिच्या ओट्यावर बसीन. वाचून झालं का तिले सांगा, सारजा बाहेर हाये, उपाशी हाये, आत ये म्हन त येईन. येसू तुमचं भलं करो बाई. चला.