सवालाची कॅसेट

...आणि वर मलाच म्हणतात, 'शेट, भांडणं तुम्ही लावता!' मी? अहो, मी रेडिओ, टॉर्च, बॅटऱ्या विकणारा माणूस, रत्नागिरीत एसटी स्टँडसमोर दुकान, शाळा चौथीपर्यंत, पण गिऱ्हाइकाच्या चपला बघून सांगतो काय घेणार ते... तुम्हाला सांगतो, मला यात पडायचंच नव्हतं हो!

झालं काय, गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले ते काखेत टेपरेकॉर्डर मारून. म्हटलं, यांना आपल्या जाखडी नाचाची गाणी हवी असणार, ती मुंबईची कंपनी थोडीच काढतेय? आपणच काढू! पावसकडचा शाहीर धाकू, शक्तीवाला, आवाज असा की माडावरचा नारळ सुटावा! मागच्या गोदामात भिंतींना गोधड्या टांगल्या, ढोलकी, झांजा, घुंगरं... मध्येच शेजारचा कोंबडा आरवला, तोही भरला. कॅसेट हातोहात खपली!

चुकलं कुठं? शक्ती-तुऱ्याची बारी बघितलीय ना तुम्ही? शक्तीवाला सवाल टाकतो, तुरेवाला तिथल्या तिथं जबाब देतो, मग दोघं एकाच पंगतीला जेवतात. आणि मी शहाण्यानं नुसता सवाल भरला... जबाब भरलाच नाही!

आठव्या दिवशी हातखंब्याचा तुरेवाला शाहीर गंगाराम दुकानात हजर. 'काय वो शेट, घराघरात तो धाकू मला इचारतोय, हायस कुठं, दे जबाब! मी टेपसमोर बसून तीनदा जबाब दिला, तरी तो मेला परत तेच इचारतोय! बायको हसते वो मला!'

काढली त्याची कॅसेट. त्यानं जबाब दिला आणि जाता जाता नवा सवाल टाकला! की धाकू हजर. 'शेट, माझं तोंड बांधून ठेवलाव तुमी!' त्याचीही काढली. मग गंगाराम... मग धाकू... अकरा कॅसेटी झाल्या हो, अकरा! मला यात पडायचंच नव्हतं!

म्हटलं, एकाच कॅसेटवर दोघांना घालू, एक बाजू तुझी, एक त्याची. तर दोघांनाही दुसरीच बाजू हवी! 'पयला गाईल त्याला जबाब मिळनार, आमी काय येडे?' घरात ही म्हणते, 'मग बंद करा ना!' बंद? कुणाच्या सवालावर बंद करू? धाकूच्या केलं तर हातखंब्याकडचं गिऱ्हाईक पायरी चढणार नाही, गंगारामच्या केलं तर पावसकडचं! बॅटऱ्या काय मी एकट्यानं वापरू?

शेवटी मागच्या महिन्यात दोघांना बसवलं, चहा पाजला, हात जोडले. 'बाबांनो, थकलो, मिटवा आता.' गंगारामनं कप खाली ठेवला.

'धाकूदा, शेट पळाया बघतायत.'

'मैदान सोडतायत!'

आणि जन्मात पहिल्यांदा दोघांनी मिळून गाणं बांधलं... माझ्यावर! सवाल पेरून शेट कसा पळाला त्याचं! माझ्याच गोदामात, बटण दाबणारा मीच! आणि तुम्हाला सांगतो, सगळ्यात जास्त तीच खपतेय. लोक दुकानात येऊन विचारतात, 'शेट, तुमचा जबाब कधी?'

काय करणार... सध्या ढोलकीवाला बघतोय.