चार तोळ्यांची तूट

मी हिंमतराव बाळोजी काकडे, वय वर्षे ४६, धंदा सोने गाळण्याचा, राहणार पाणीगेटाच्या आत, बडोदे, आज शनिवार ता. १६ मार्च १९१२ रोजी ठाण्यात हजर राहून सांगतो ते असे :

मला कोणी बोलावले नाही. मी आपल्या पायांनी आलो. हेमचंद्र शेठ यांनी येसूबाईंवर परवा अर्ज दिला आहे की, नवऱ्याने चोरलेले सोने तिने घरात दडवले. तो अर्ज खोटा आहे. तिचा नवरा सुभानराव चोर नव्हता.

शेठजींचा कारखाना मांडवीजवळ आहे. मी तेथे एकोणीस वर्षे आहे. सुभानराव सात वर्षे माझ्या हाताखाली होता. आम्हा दोघांचे वडील सरकारच्या पागेत होते, म्हणून मीच त्याला कामावर लावला. लोकांचे जुने दागिने आम्ही मुशीत वितळवतो, भेळ, म्हणजे मिसळलेला हलका धातू, काढतो आणि शुद्ध लगड करतो. सोने आत येताना तोलतात, बाहेर जाताना तोलतात. तोळ्यामागे थोडी घट धरलेली असते. त्यापलीकडे गुंजभर तुटले तरी हात, कपडे, केरसुणी, सगळ्यांची झडती होते.

गेल्या दिवाळीनंतर शेठजींनी भट्टीवर नवे उंच धुराडे बांधले. शनिवारी ता. ९ रोजी वजन घेतले, तेव्हा चार तोळे कमी भरले. त्या आठवड्यात भट्टीवर सुभानराव होता. त्याने सर्वांदेखत सांगितले, "शेठजी, हे धुराडं लई ओढतं. जुने डागदागिने उकळताना कण उडतात, ते वर जातात. आत काजळी झाडून बघा." धुराडे झाडायचे तर भट्टी दोन दिवस थंड करावी लागते. शेठजी सुभानरावाकडे बोट करून म्हणाले, "लग्नसरा डोक्यावर आहे. भट्टी बंध नहीं थाय. एणे गिळलंय."

सोने गिळल्याचा संशय आला की जुलाब द्यायचा, ही आमच्या कारखान्यातली जुनी रीत आहे. सुभानरावाला मागच्या खोलीत बसवले. शनिवारी, रविवारी आणि सोमवारी त्याला जमालगोटा देण्यात आला. जे पडले ते चाळणीवर धुण्यात आले. काही निघाले नाही. सोमवारी दुपारी त्याला उभे राहवत नव्हते. येसूबाई डबा घेऊन आल्या, त्यांना दारातून परत लावले. वैद्य बोलावला नाही. मंगळवारी ता. १२ रोजी सकाळी दहाच्या सुमारास तो मेला. वय एकतीस.

माणूस मेला म्हणून भट्टी विझवली. जिवंतपणी त्याने तेवढेच मागितले होते. मला याचा फार संताप येतो, तो लिहायचा नसल्यास लिहू नये.

गुरुवारी विश्वामित्रीकाठी सावडून झाल्यावर उरलेली राख शेठजींच्या माणसांनी पोत्यात भरून कारखान्यात आणली. शेठजींच्या हुकमावरून ती मी धुतली. तीत सव्वा गुंज सोन्याचा थेंब निघाला. शेठजी म्हणाले, "जुओ, पोटात हतुं!" म्हणजे पोटातच होते. मी सांगितले, आमच्यात मेलेल्याच्या तोंडात सोने घालतात, येसूबाईंनी मंगळसूत्रातला सोन्याचा मणी तोडून घातला, तेव्हा मी शेजारी उभा होतो. त्यांनी ऐकले नाही. मी तो थेंब कसोटीच्या दगडावर घासून दाखवला. रेघ तांबूस आली. आमच्या भट्टीचे सोने तसे नसते. शेठजींनी दगड पुसून टाकला आणि तासाभरात अर्ज लिहवून इकडे धाडला.

काल शुक्रवारी धुराडे थंड झाले होते. मी कोणाला न विचारता आत शिरलो. विटांच्या सांध्यांतून काजळी खरवडली, भाजली, शिशाबरोबर गाळली. तीन तोळे दहा मासे सोने निघाले. राहिलेले दोन मासे विटांनी प्याले असतील, विटा फोडून पाहाव्यात. ते सोने आणि राखेतला थेंब, दोन्ही वेगवेगळ्या पुड्यांत बांधून मी ठाण्यात हजर केले आहे. थेंब येसूबाईंना परत मिळावा. घरझडती थांबवावी.

आज सकाळी मी येसूबाईंकडे जाऊन धुराड्यात सोने सापडल्याचे सांगितले. त्या रडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "भाऊजी, त्यांना ते पाजलं कुणी?" मी शेठजींचे नाव घेतले. शेठजी त्या खोलीत एकदाही आले नाहीत. हुकूम त्यांचा, पण तिन्ही दिवस वाटी माझ्या हातात होती. पहिल्या दिवशी सुभानराव म्हणाला, "दादा, तुम्ही देताय तर घेतो." धुराडे कण ओढते, हे मलाही दिवाळीपासून ठाऊक होते. त्या शनिवारी मी तोंड उघडले नाही.

वरील मजकूर कारकुनांनी मला मोठ्याने ऐकवला. मी सांगितले तसाच तो आहे. फक्त जमालगोटा "देण्यात आला" असे जेथे लिहिले आहे, तेथे समासात "मी दिला" अशी दुरुस्ती करून घेतली आणि मग खाली सही केली.

सही : हिंमतराव बाळोजी काकडे